मिरची थोरलीची, चाक धाकटीचं

"एकाचे दोन करून दे," मालनकाकू म्हणाल्या आणि माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या. म्हणजे मी उभी राहिले.

"कशाचे दोन?"

"कॉम्प्युटरचे. आमच्या डंकावर आहे तसाच अजून एक बसव. आतलं सगळं त्यातपण घाल. एक माझ्याकडं राहील, एक ती घेऊन जाईल."

"ती म्हणजे?"

"ती म्हणजे कोण, हे मला विचारालीस रूपे? घरात दुसरी कोण आहे?"

दुसरी म्हणजे कुंदाकाकू, त्यांची धाकटी जाऊ. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नलवड्यांच्या दोन जावा वेगळ्या होणार हे मला कुणी चारचौघांत सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या दोघी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मला आई ओरडली की मी थोरल्या काकूंकडे पळायचे आणि त्या ओरडल्या की धाकट्या काकूंकडे. माझं अर्धं बालपण त्या घरात शिंका देण्यात गेलं.

शिंकांचं सांगते. आमच्या गडहिंग्लजला नलवड्यांचा डंक म्हटलं की कुणीही रस्ता दाखवतो. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं धडाधड वर-खाली होतात आणि खाली मिरची, खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण सगळं एकजीव होतं. बाकी महाराष्ट्र त्याला मसाला म्हणतो, आम्ही चटणी म्हणतो आणि ती वर्षाची एकदम करतो. उन्हाळा लागला की बायका आपापल्या मिरच्या घेऊन डंकावर येतात, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाला रंगाची ब्याडगी जास्त, कुणाला तिखट संकेश्वरी, कुणाला तीळ चालत नाहीत, कुणाला खोबरं भाजून काळं केल्याशिवाय घास उतरत नाही. प्रमाण चुकलं तर ते घर वर्षभर तोंड वाकडं करून जेवतं आणि वर्षभर नलवड्यांना नावं ठेवतं.

पूर्वी ही सगळी प्रमाणं मालनकाकूंच्या डोक्यात असायची. डंकाचं नाव वाढलं, नेसरी-आजऱ्याहून माणसं यायला लागली, तेव्हा मी पुण्याहून शिकून परत आले होते आणि माझ्या अंगात लिनक्स संचारलं होतं. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर हातात घ्यायचा आणि त्यात लिनक्स घालायचं, असा माझा सपाटाच होता. फुकटचं, व्हायरस नाही, जुन्या मशीनवरही पळतं, हे मी इतक्या वेळा सांगायचे की बाबा जेवताना मध्येच म्हणायचे, "भाजीत घातलंयस का लिनक्स?" नलवड्यांचा कॉम्प्युटरही मीच जोडला. माझ्या वर्गातल्या एका मित्राकडून घराचं नाव, त्याचं प्रमाण आणि त्याच्या पाळीचा दिवस लिहून ठेवायचा छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला, आणि त्याला चित्र म्हणून झकास लाल मिरची लावली. पडद्याच्या डाव्या कडेला चित्रांची एक उभी पट्टी असते, तिला डॉक म्हणतात. त्या पट्टीत सगळ्यात वर ती मिरची. दाबली की काम सुरू. दोघी जावा दोन दिवसांत शिकल्या.

"झालंय तरी काय काकू?" मी विचारलं.

"ती माझं लिहिलेलं पुसती."

"कुंदाकाकू? कशाला पुसतील त्या?"

"ते तिला विचार. शिंत्रे मास्तरांच्या बायकोला पित्त झालंय म्हणून संकेश्वरी निम्मी कर म्हणून सांगून गेली. मी लिहिलो. माझ्या हातानं लिहिलो, जपून ठेवलो. दुसऱ्या दिवशी डंकावर चटणी कुटली ती जुन्याच प्रमाणानं. मास्तरीणबाई भर गल्लीत उभ्या राहून मला काय काय बोलल्या, तू नव्हतीस तेच बरं झालं."

इथं एक सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही गोंधळाल. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. मी पुण्याला जाऊन 'जाते, येते' करायला लागले तर पहिले दोन महिने घरात माझी फार टिंगल झाली.

"चुकून झालं असेल," मी म्हणाले.

"एकदा चुकून. दर आठवड्याला कोण चुकतंय? मी काही बोललो नाही. पंधरा माणसांदेखत भांडायची माझी जात नाही. आखितीच्या मुहूर्ताला ती वेगळी होणार, स्टँडजवळ गाळा बघितलाय तिनं. होऊ दे. तू कॉम्प्युटर तेवढा बसव." पदरानं कपाळ पुसत त्या उठल्या आणि दारात थांबल्या. "आणि तिला त्यातल्या त्यात चांगला दे. माझ्याकडं जुना राहू दे."



दुपारी दुकान बंद करून जेवायला निघाले तर पायरीवर कुंदाकाकू. ही बाई इतकी हळू बोलायची की तिला सुतळी घ्यायची तर दुकानदाराला पंखा बंद करावा लागायचा. थोरल्या जावेला आक्का म्हणायची. नवरा फौजेत, तेव्हा पठाणकोटला. वर्षातून एकदा रजेवर यायचा आणि जाताना ट्रंकेत चटणीचा डबा घेऊन जायचा.

"रूपा, आक्का आल्या होत्या न्हवं?"

"आल्या होत्या."

"मग माझा कॉम्प्युटर कधी होईल?"

"कुंदाकाकू, तुम्ही खरंच वेगळ्या होणार?"

त्यांनी मान खाली घातली. "माझं लिहिलेलं त्या पुसतात. एक वेळ गिऱ्हाइकाचं पुसलं तर मी सोसलो असतो. माझ्या माहेरची माणसं नेसरीहून आली होती, चार घरची मिरची घेऊन, एस्टीनं. त्यांची पाळी मी स्वतः लिहून ठेवलो होतो. आली त्या दिवशी बघतो तर त्यांचं नावच नाही. आक्कांनी दुसऱ्यांना पाळी देऊन टाकलेली. माझी म्हातारी आई मिरचीच्या पोत्यावर उन्हात बसली आणि तशीच परत गेली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला काय पण बोलू दे. माहेराचा असा अपमान करून त्या घरात मी राहू कशी?"

एकाच दिवसात दोघींनी एकच गाऱ्हाणं केलं होतं, 'माझं लिहिलेलं पुसलं', आणि दोघींच्याही डोळ्यांत खोटं काही दिसत नव्हतं. तरी मी स्वतःला मोठी हुशार समजत होते, त्यामुळे मला वाटलं की दोघींतली एक नक्की खोटं बोलते आहे आणि ती कोण हे मी शोधून काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन डंकावर गेले. बाहेर अंगणात नाना, म्हणजे मालनकाकूंचे यजमान, ताडपत्रीवर मिरच्या पसरत होते.

"नाना, तुम्ही तरी सांगा, काय चाललंय हे?"

"मला विचारू नको," नाना म्हणाले. "मी संकेश्वरला जातो, मिरची आणतो, वाळवतो. बोलायचं काम माझ्याकडं नाही."

कॉम्प्युटर आतल्या खोलीत, काचेच्या दाराआड. तरी तिखट तिथं पोचायचंच. कीबोर्डवर प्लास्टिक घातलेलं आणि माउस मूळचा काळा असून गुलाबी झालेला. मी दोनदा शिंकले आणि बटण दाबलं. पडदा उजळला. डाव्या पट्टीत वर माझी लाल मिरची होती. मी ती दाबली. प्रोग्रॅम उघडला आणि त्याच क्षणी पट्टीच्या तळाशी एक नवं चित्र येऊन बसलं. करड्या रंगाचं, दातेरी चाकाचं.

मिरचीकडे बघितलं. मिरची जशीच्या तशी, जणू तिचा आणि उघडलेल्या प्रोग्रॅमचा काही संबंधच नाही. चाकावर बाण नेला तर नाव आमच्याच प्रोग्रॅमचं. एका प्रोग्रॅमची दोन चित्रं झाली होती.

"हे चाक कधीपासून आहे?" मी विचारलं.

मालनकाकू दारात उभ्या होत्या, कुंदाकाकू चाळणी घेऊन मागे. दोघींमध्ये दोन हात अंतर.

"ते तिचं," मालनकाकू म्हणाल्या.

"तिचं म्हणजे?"

"मिरची माझी, चाक तिचं. दिवाळीत आलं ते. तुझ्या मित्रानं पुण्याहून फोनवर बसून नवीन काहीतरी घातलं ना, तेव्हापासनं."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं की चाक त्यांचं?"

"सांगायला कशाला पाहिजे?" मालनकाकूंना माझ्या अकलेची कीव आल्यासारखी दिसली. "या घरात वस्तू येती ती जोडीनं. सासूबाईंनी घालून दिलेलं आहे. मला लुगडं आलं की तिला लुगडं. मला कुकर आला की तिला कुकर, एका चुलीवर जेवतो तरी. दिवाळीला दोन चित्रं आली, मी म्हटलो, एक माझं, एक तिचं. तूच सांगून धाडलंस असं वाटलं. पोरगी रीत धरून आहे म्हणून मला बरं पण वाटलं."

मी कुंदाकाकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटलं होतं.

खरं सांगते, हसावं की डोकं आपटावं मला कळेना. अख्ख्या जगात लिनक्स वापरणाऱ्या माणसांना ही दोन चित्रांची कटकट होते. ती माणसं चिडतात, इंटरनेटवर शिव्या घालतात. त्यातलं एक चित्र थोरल्या जावेचं आणि एक धाकटीचं असं फक्त नलवड्यांच्या घरात ठरू शकतं.

आणि मग मला एकदम उमगलं.

"कुंदाकाकू, तुम्ही मिरची कधीच दाबत नाही?"

"आक्कांची आहे. मी कशी दाबू?"

"आणि मालनकाकू, तुम्ही चाक?"

"तिच्या वस्तूला मी हात लावत नाही."

"इकडं या दोघी. इथं बसा. नाही, एकाच बाकावर, माझ्या दोन्ही बाजूंना."

बसल्या. मध्ये मी, पापडाच्या लाटीसारखी.

"काकू, तुम्ही सकाळी आल्यावर करता तसं करा."

मालनकाकूंनी मिरची दाबली. प्रोग्रॅम आधीच उघडा होता, तरी दुसरा एक, अगदी तसाच, त्याच्यावर उघडला. "आता यात काहीतरी लिहा. कुणाचंही नाव." त्यांनी एका बोटानं लिहिलं: नाना. प्रमाण: ब्याडगी. 'जपा'चं बटण दाबलं.

"आता कुंदाकाकू, तुम्ही तुमचं करा."

कुंदाकाकूंनी चाकावर टिचकी मारली. आधीचा, मी उघडलेला प्रोग्रॅम पुढे आला. त्यात नाना नव्हते, कारण तो नाना लिहायच्या आधी उघडलेला. त्यांनी लिहिलं: फौजी. प्रमाण: संकेश्वरी. आणि 'जपा' दाबलं.

मी सगळं बंद केलं आणि पुन्हा उघडलं. यादीत फौजी होते.

"नाना गेले," मी म्हणाले.

"कुठं जातायत," मालनकाकू म्हणाल्या, "बाहेर मिरच्या पसरतायत." मग त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "माझं गेलं."

"गेलं. आणि पुसलं कुणीच नाही. मी इथं मध्ये बसलेय, तुमच्या डोळ्यांदेखत." आता उलट करून दाखवलं. कुंदाकाकूंनी आधी लिहिलं, मालनकाकूंनी त्यांच्या जुन्या उघड्या प्रोग्रॅममध्ये नंतर लिहून जपलं. या वेळी कुंदाकाकूंचं गेलं.

"दोघी एकाच पातेल्यात आमटी करताय," मी म्हणाले, "आणि जी मागून येते ती आधीची ओतून देऊन आपली करते. तिला माहीतच नसतं की आधी कुणी काही केलं होतं. मिरची दाबली की दर वेळी नवी प्रत उघडते. चाक दाबलं की जुनी पुढं येते. शेवटी जी जपेल तिचं राहतं, दुसरीचं जातं."

डंक बंद होता. बाहेर नानांच्या सुपाचा आवाज येत होता.

"म्हणजे नेसरीच्या माणसांची पाळी," मालनकाकू सावकाश म्हणाल्या, "माझ्या हातानं गेली."

"तुम्ही मुद्दाम..."

"तू गप बस. माझ्याच हातानं गेली न्हवं?"

"आणि मास्तरांचं माझ्या हातानं," कुंदाकाकू म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता दोघी गळ्यात पडतील आणि मी चहा पिऊन घरी जाईन. पण तसं काही झालं नाही. कुंदाकाकू चाकाकडे बघत होत्या.

"मला वेगळंच वाटायचं," त्या माझ्याशी बोलल्या, आक्कांशी नाही. "सकाळी मी आधी येतो. झाडतो, दिवा लावतो. हे चालू करतो. पण चाक नसतंय. मिरची असती, चाक नसतंय. आक्का येऊन मिरची दाबली की मग माझं चाक येतंय. तोवर मी उभाच. गिऱ्हाईक दारात असलं तरी उभा. मी म्हटलो, रूपानं पण असंच करून दिलं. थोरलीला मिरची, वर. धाकटीला चाक, सगळ्यात खाली, आणि ते पण थोरलीनं दार उघडल्यावर." त्या किंचित हसल्या. "राग न्हवता आला. पण रोज सकाळी वाटायचं."

रोज सकाळी वाटायचं. मला रडू आलं आणि मी ते तिखटावर ढकललं. दिवाळीपासून चैत्रापर्यंत ही बाई रोज सकाळी एका मुकाट कॉम्प्युटरसमोर उभी राहून, आपण या घरात दुसऱ्या आहोत हे नव्यानं ऐकत होती. तिला ते सांगणारं कुणी नव्हतंच. माझ्या मित्रानं प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली होती आणि तिच्यात एक नाव बदललं होतं, एवढीच भानगड.

मालनकाकू त्यांच्या गुलाबी माउसकडे बघत बसल्या होत्या.

"करते दुरुस्त," मी म्हणाले. काहीतरी हाताला काम हवं होतं.

काम तसं छोटं आहे. पट्टीतल्या प्रत्येक चित्रामागं एक फाइल असते, आणि उघडलेली प्रत्येक विंडो मागच्या मागं आपलं एक नाव सांगते. फाइलमधलं नाव आणि विंडोनं सांगितलेलं नाव जुळलं की पट्टी तिला त्याच चित्राखाली घेते. जुळलं नाही तर पट्टी तिला ओळखतच नाही. मग तिला तळाशी वेगळं बसवते, आणि चित्र माहीत नाही म्हणून चाक देऊन टाकते. हे मी करता करता बोलत होते. एक आज्ञा दिली, माउसचा बाण बेरजेच्या चिन्हासारखा झाला. त्यानं उघड्या विंडोवर टिचकी मारली आणि तिनं आपलं नवं नाव सांगितलं. ते नाव मी मिरचीच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलं.

"म्हणजे ते चाक मिरचीचंच होतं?" कुंदाकाकूंनी विचारलं.

"मिरचीचंच. घरचंच. पट्टीला ओळख पटत नव्हती म्हणून परक्यासारखं खाली बसवलेलं."

कॉम्प्युटरमधून बाहेर पडून, म्हणजे लॉग-आउट करून, परत आत आले. मिरची दाबली. प्रोग्रॅम उघडला. मिरचीशेजारी एक इवलंसं टिंब उमटलं. चाक आलं नाही. मी पट्टी वरपासून खालपर्यंत बघितली. कुठंच नाही. मिरची परत दाबली तर नवी प्रत उघडली नाही, आधीचीच पुढे आली. मला फार आनंद झाला, आणि तो दाखवायची ती वेळ नव्हती.

"झालं. आता एकच. कुणीही दाबा, तेच उघडेल. शेजारी टिंब असलं म्हणजे चालू आहे. कधी दोन टिंबं दिसली तर काही लिहू नका, मला हाक मारा. आणि मित्राला सांगून मी तो प्रोग्रॅमच असा करून घेते की दुसरी प्रत उघडणारच नाही."

"आणि तिचं चाक?" मालनकाकूंनी विचारलं.

"गेलं ना. तेच तर दुरुस्त केलं."

"तिचं घेतलंस आणि माझं ठेवलंस?"

"काकू, अहो ते तिचं नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं."

"दिवाळीपासनं तिचं होतं," मालनकाकू म्हणाल्या. आवाज चढला होता. कालपासून पहिल्यांदाच त्या कुंदाकाकूंच्या बाजूनं भांडत होत्या, आणि तेही माझ्याशी. "एकीचं ठेवायचं, एकीचं काढायचं, असलं या घरात चालत नाही. तिला दुसरं दे. चांगलं दे. हळकुंडाचं दे."

"दोन दिली की परत तोच घोळ होईल काकू. आत एकच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, कुंदाकाकूंकडे मात्र बघितलं नाही. मग उठल्या, म्हणाल्या, "शिंत्र्यांच्या मिरच्या निवडायच्या राहिल्यात," आणि बाहेर गेल्या. शिंत्र्यांची चटणी केव्हाच कुटून झाली होती, आणि मास्तरीणबाई ती परत आणून देऊन शिव्याही घालून गेल्या होत्या.

"कुंदाकाकू," मी पेनड्राइव्ह हातात धरून विचारलं, "मग कॉम्प्युटर? दुसरा?"

"आक्का काय म्हणतात बघू," त्या हळूच म्हणाल्या आणि चाळणी उचलली.

मी घरी आले ती चिडून. इतकं सगळं स्वच्छ करून दाखवलं, तरी या बायकांना 'चुकलं गं' एवढं म्हणता येत नाही म्हणजे काय. आईला म्हणाले, "एवढी साधी गोष्ट आहे." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "साधी आहे तर तू बोल की तुझ्या बाबांशी. गेल्या आठवड्यापासनं गप आहेस." मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला निघाले. ऊन असं तापलं होतं की पायरीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. डंकाचं दार उघडं होतं, आत दिवा लागलेला, झाडून काढलेलं. आणि मालनकाकू बाहेर, भिंतीला टेकून उभ्या. नानांच्या ताडपत्रीच्या कडेला, सावली नावाला नाही. दारात दोन बायका पोती घेऊन बसलेल्या.

"काय काकू, आत का जात नाही?"

"जातो."

"गिऱ्हाईक आलंय."

"बसू दे." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत गेलो की हात सवयीनं मिरचीवर जातोय. कुंदी पाणी भरायला गेलीय. म्हटलो, तिला येऊ दे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आणि तो दुसरा कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"कसला दुसरा? हे एक पुसता पुसता जीव जातोय." जरा थांबून म्हणाल्या, "स्टँडजवळच्या माणसाला तिनं काल फोन करून नको म्हणून सांगितलंय. मी सांग म्हटलो नव्हतो. आणि नेसरीला नाना गेलेत जीप घेऊन. तिच्या आईला मिरचीसकट घेऊन येतायत. या दोघींचं झालं की आज बाकी सगळी पाळी त्यांचीच."

तेवढ्यात कुंदाकाकू डोक्यावर घागर घेऊन आल्या. पोती घेऊन बसलेल्या बायका बघितल्या, उघडं दार बघितलं, आणि उन्हात भिंतीला टेकलेल्या मालनकाकू बघितल्या.

"आक्का, थांबलाय का तुम्ही?"

"कुठं थांबलोय? ऊन खातोय."

कुंदाकाकूंनी एकदा वर, त्या भाजून काढणाऱ्या आभाळाकडे बघितलं. घागर उतरवली, हात पदराला पुसले आणि आत गेल्या. मी आणि मालनकाकू बाहेर उभ्या राहिलो. आतून टिचकीचा आवाज आला.

"या आक्का," आतून कुंदाकाकूंचा आवाज आला, मी ऐकला त्यातला सगळ्यात मोठा. "उघडलं मी."

मालनकाकूंनी कपाळ पुसलं, दारातल्या बायकांना म्हणाल्या, "चला गं, घ्या पोती," आणि त्यांच्या मागून आत गेल्या.